शनिवार-रविवारचा युरोप : परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रवासलेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीतील प्रवासवर्णनाची चर्चा प्रामुख्याने नामवंत आणि प्रौढ लेखकांच्या ग्रंथांभोवती होत आली आहे. शिक्षणासाठी युरोपात राहणारा आणि आठवड्याच्या सुटीत आसपासची शहरे पाहून येणारा विद्यार्थी प्रवासलेखक म्हणून क्वचितच विचारात घेतला जातो. वास्तविक महाविद्यालयांचे वार्षिकांक, वृत्तपत्रांच्या पुरवण्या आणि दिवाळी अंक यांतून असे लेखन प्रसिद्ध होत असते. ते निवडणे, संपादित करणे आणि त्याचे मूल्यमापन करणे हे काम बहुधा प्राध्यापकांकडेच येते. त्यामुळे या लेखनाकडे कोणत्या निकषांनी पाहावे, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केवळ तात्त्विक राहत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा विद्यार्थी एकाच वेळी दोन नात्यांनी युरोपात वावरत असतो. सोमवार ते शुक्रवार तो एका गावचा रहिवासी असतो. शनिवारी-रविवारी तो दुसऱ्या गावचा पाहुणा असतो. रहिवाशाची नजर आणि पाहुण्याची नजर जेथे एकमेकींना भेटतात, तेथे त्याच्या लेखनाला स्वतःचे असे काही सापडते. बहुसंख्य लेखन मात्र पहिली नजर वसतिगृहाच्या खोलीत कुलूपबंद करूनच प्रवासाला निघते. या विधानाची तपासणी काही जुन्या-नव्या उदाहरणांच्या आधारे पुढे केली आहे.

ग्रँड टूर ते इरॅस्मस

तरुणाने युरोप पाहिल्याशिवाय त्याचे शिक्षण पूर्ण होत नाही, ही कल्पना जुनी आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील उमराव घराण्यांतील मुले शिक्षकाला सोबत घेऊन पॅरिस, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम अशा ‘ग्रँड टूर’वर जात. हा प्रवास अनेक महिने, कधी कधी दोन-तीन वर्षे चाले. फ्रान्सिस बेकन याने १६२५ च्या निबंधसंग्रहातील प्रवासविषयक निबंधात अशा तरुणांना व्यावहारिक उपदेश केला आहे. दैनंदिनी लिहावी, एका शहरात फार काळ राहू नये, आणि राहिल्यास त्याच शहरात मुक्कामाची जागा बदलत राहावे, असे तो सांगतो. तेथील भाषेची तोंडओळखही नसताना परदेशी जाणारा प्रवासाला जात नसून शाळेत जातो, असा त्याचा अभिप्राय आहे. मुक्काम बदलण्याच्या सल्ल्यामागे शहराचे एकच अंग पाहून परत येऊ नये, हा विचार उघड आहे.

आजच्या विद्यार्थ्याची परिस्थिती निराळ्या घटकांनी घडली आहे. १९८७ मध्ये युरोपीय समुदायाने विद्यापीठांतील विद्यार्थी-विनिमयासाठी इरॅस्मस ही योजना सुरू केली. १९८५ मध्ये लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी झालेल्या कराराची अंमलबजावणी १९९५ मध्ये सुरू झाली आणि सहभागी देशांमधील सीमांवरची नेहमीची तपासणी थांबली. त्याच दशकात युरोपीय हवाई वाहतुकीवरील निर्बंध टप्प्याटप्प्याने उठले आणि स्वस्त विमानकंपन्यांचा विस्तार झाला. या तीन घटनांमुळे शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळच्या तासाला हजर राहणे विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले. ग्रँड टूरची दोन-तीन वर्षे आक्रसून दोन दिवसांवर आली. उमरावाच्या मुलाची चैन सामान्य घरातील मुलाला शक्य झाली, हा बदल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु ग्रँड टूरवरील तरुण युरोपात सर्वत्र पाहुणाच होता. आजचा विद्यार्थी तसा नाही, आणि नेमका हाच फरक त्याच्या लेखनात उतरत नाही.

गांधीजींचे पॅरिस

या दृष्टीने एका भारतीय विद्यार्थ्याचा प्रवास अभ्यासण्याजोगा आहे. १८८८ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेलेले गांधीजी पॅरिसचे जागतिक प्रदर्शन पाहण्यास गेले आणि तेथे सात दिवस राहिले. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये या प्रवासाला एक छोटे प्रकरण मिळाले आहे. पॅरिसमध्ये शाकाहारी उपाहारगृह असल्याचे वाचून त्यांनी तेथेच खोली घेतली. शहराचा नकाशा आणि प्रदर्शनाची माहितीपुस्तिका हाती घेऊन ते बहुतांशी पायीच हिंडले. प्रदर्शनाची भव्यता आणि विविधता यांपलीकडे त्यातले फारसे काही आठवत नाही, असे ते लिहितात. आयफेल मनोऱ्यावर ते दोन-तीनदा चढले आणि उंचावर बसून जेवल्याच्या समाधानाखातर त्यांनी सात शिलिंग खर्च केले. मनोऱ्यात त्यांना कलेचा अंश जाणवला नाही. टॉलस्टॉयने त्यावर केलेल्या टीकेचा ते संमतीपूर्वक उल्लेख करतात. पॅरिसमधील प्राचीन चर्चे, विशेषतः नोत्र दाम, यांची शांतता मात्र त्यांच्या मनात राहिली.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. आत्मकथेत प्रदर्शनाचे वर्ष १८९० असे येते. प्रत्यक्षात ते १८८९ च्या मे ते ऑक्टोबर या काळात भरले होते. आत्मकथेचे लेखन १९२५ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले, म्हणजे मध्ये साडेतीन दशके उलटली होती. वर्ष निसटले, पण सात शिलिंग निसटले नाहीत. याचे कारण पॅरिसमध्ये नसून लंडनमध्ये आहे. लंडनच्या वास्तव्यात गांधीजी पै-पैचा हिशेब लिहीत, बसभाडे वाचवण्यासाठी मैलोगणती चालत आणि शाकाहाराचा शोध घेत. पॅरिसमध्ये गेला तो हाच लंडनचा काटकसरी रहिवासी. त्यामुळे मनोऱ्यावरचे जेवण ही केवळ एक गंमत न राहता स्वतःच्या वर्तनाची परीक्षा ठरली. आठवड्याच्या दिवसांनी सुटीच्या दिवसाला अर्थ दिला, तो असा. प्रेक्षणीय स्थळांची यादी या प्रकरणात अगदी अपुरी आहे. तरीही ते विसरले जात नाही.

निसटलेले दृश्य

विद्यार्थ्याच्या प्रवासाचे दुसरे उदाहरण वर्ड्सवर्थचे आहे. १७९० च्या उन्हाळी सुटीत केंब्रिजचा हा विद्यार्थी रॉबर्ट जोन्स या मित्रासह फ्रान्स आणि आल्प्स पायी हिंडला. सिम्प्लॉन खिंडीत दोघांची वाट चुकली आणि एका स्थानिक शेतकऱ्याकडून त्यांना कळले की, आल्प्स तर आपण ओलांडूनही आलो. ज्या क्षणासाठी इतकी पायपीट केली तो क्षण नकळत होऊन गेला होता. ‘द प्रिल्यूड’ या कवीच्या निधनानंतर १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकाव्याच्या सहाव्या भागात हा प्रसंग येतो, आणि त्या निराशेतूनच कल्पनाशक्तीविषयीचे प्रसिद्ध चिंतन उगवते. जे पाहायचे राहिले तेही प्रवासलेखनाचा आशय होऊ शकते, असा याचा अर्थ. ‘काय काय पाहिले’ या एकाच प्रश्नाला उत्तर देणाऱ्या लेखनात अशा निसटलेल्या क्षणाला जागाच नसते.

बिऱ्हाडाचा चित्रपट आणि त्याची मर्यादा

इरॅस्मस पिढीचे चित्रण म्हणून सेड्रिक क्लापिश या फ्रेंच दिग्दर्शकाच्या २००२ मधील ‘लोबेर्ज एस्पान्योल’ या चित्रपटाचा उल्लेख केला जातो. झाव्हिए हा पॅरिसचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी एक वर्षासाठी बार्सिलोनाला जातो आणि निरनिराळ्या युरोपीय देशांतील तरुण-तरुणींबरोबर एका बिऱ्हाडात राहतो. चित्रपटाच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘स्पॅनिश धर्मशाळा’. फ्रेंचमध्ये हा वाक्प्रचार, जेथे आपण सोबत नेलेले तेवढेच आपल्याला मिळते अशा जागेसाठी वापरतात. दिग्दर्शकाने भर दिला आहे तो शीतकपाटातील वाटण्या, टेलिफोनशेजारी लावलेली निरनिराळ्या भाषांतील वाक्ये आणि घरमालकाची भीती यांवर. प्रेक्षणीय बार्सिलोना त्या मानाने मागे राहते. रहिवाशाची नजर मध्यवर्ती ठेवल्यामुळे चित्रपटाला जिवंतपणा आला आहे, असे म्हणता येईल.

तथापि त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. बिऱ्हाडातील सर्वजण युरोपीय आहेत. कागदपत्रांचा ससेमिरा येथे विनोदाचा विषय होऊ शकतो, कारण कोणाचाही प्रवेश नाकारला जाण्याची शक्यता नाही. भारतीय विद्यार्थ्याची गोष्ट येथून वेगळी होते. शेंगेन क्षेत्रातील एखाद्या देशाचा वैध निवास परवाना असल्यास त्याला त्या क्षेत्रातील इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांपैकी ९० दिवसांपर्यंत राहता येते. ब्रिटन या व्यवस्थेत नाही. लंडनमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला पॅरिस रेल्वेने सुमारे सव्वादोन तासांवर असले, तरी स्वतंत्र व्हिसासाठी अर्ज, मुलाखतीची वेळ आणि शुल्क यांतून जावे लागते. पासपोर्ट-व्हिसाची आजची कडक व्यवस्था मुख्यतः पहिल्या महायुद्धाची देणगी आहे. गांधीजींच्या प्रकरणात तिचा मागमूस नाही. त्याच दोन शहरांमधील वाट त्यांच्या काळापेक्षा वेगवान झाली, पण मोकळी झाली नाही. विद्यार्थ्यांच्या लेखनात ही गोष्ट फार तर एखाद्या तक्रारीच्या वाक्यात येते. ‘सीमा नसलेला युरोप’ हे वाक्य मात्र अनेकदा जसेच्या तसे उतरवले जाते.

प्रचलित वर्णनाचा साचा

असे वर्णन बहुधा ठरावीक वळणाने जाते. शुक्रवारची रात्रीची बस, वसतिगृहातील दुमजली पलंग, चौक, चर्च, पूल, संग्रहालय, छायाचित्रे, स्वस्तात मिळालेले जेवण आणि रविवारची परतीची धावपळ. वाक्यांची क्रियापदे ‘पाहिले’, ‘गाठले’, ‘टिपले’ अशी असतात. शहरांची संख्या वाढते तशी विशेषणे सारखी होत जातात. प्राग सुंदर, व्हिएन्ना सुंदर, बुडापेस्टही सुंदर. स्वस्त विमानप्रवासाचा उल्लेख कौतुकाने होतो, परंतु फ्रँकफर्टच्या नावाने ओळखला जाणारा हान विमानतळ त्या शहरापासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे, यासारखा तपशील केवळ गैरसोय म्हणून येतो. स्वस्ताईची किंमत वेळेच्या रूपाने कोण मोजतो, हा प्रश्न तेथे उभा राहू शकला असता.

रहिवाशाची नजर सोबत नेल्यास काय घडू शकते, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. जर्मनीतील आखेन शहरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला रविवारी दुकाने बंद असतात हे पहिल्याच आठवड्यात कळते. पीठ, दूध, भाजी शनिवारीच आणून ठेवावी लागते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात, म्हणून त्या साठवल्या जातात. हे त्याचे सोमवार ते शुक्रवारचे ज्ञान. तोच विद्यार्थी रविवारी प्रागमध्ये उतरतो तेव्हा त्याला दुकाने उघडी दिसतात. पाहुणा येथे फक्त खरेदी करील. रहिवासी थबकेल : गल्ल्यावर बसलेल्या माणसाची सुटी कोणत्या वारी असते, जर्मनीने रविवारचा विसावा कायद्याने का जपला आणि शेजारच्या देशाने तो का जपला नाही? या प्रश्नांची उत्तरे दोन दिवसांत मिळणार नाहीत. परंतु ते प्रश्न पडण्यासाठी आखेनमध्ये राहिलेला माणूसच लागतो. मार्गदर्शक पुस्तिका ते विचारत नाही. भाषेबाबतही हेच. आठवडाभर अडखळत जर्मन बोलणारा विद्यार्थी प्रागमध्ये इंग्रजीवर निभावून नेतो. बेकनच्या भाषेत सांगायचे, तर तो आखेनमध्ये शाळेत असतो आणि प्रागमध्ये ना शाळेत ना प्रवासात.

मराठी परंपरेचा यासंदर्भात एक उपयोग आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) हे पुस्तक दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी झालेल्या इंग्लंडमधील वास्तव्यातून आणि युरोपच्या प्रवासातून साकारले. त्यातील विनोद मराठी मध्यमवर्गीय घर सोबत बाळगून हिंडणाऱ्या माणसाचा आहे. विद्यार्थ्यांचे लेखन नकळत या वळणाने जाते आणि पुणे-प्राग किंवा नागपूर-व्हिएन्ना अशा तुलना करते. पण त्याच्याजवळ तुलनेचा तिसरा बिंदू आहे : तो सध्या जेथे राहतो ते गाव. मधले हे गाव गाळले की तुलना केवळ ‘आपल्याकडे’ आणि ‘तिकडे’ अशी दोन टोकांची होते, आणि ‘तिकडे’ म्हणजे एकसंध युरोप असा भ्रम निर्माण होतो.

एक आक्षेप

विशी-बाविशीतील मुलांच्या आनंदाच्या लेखनाकडून समाजशास्त्राची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. बचत करून, परीक्षा सांभाळून केलेल्या प्रवासाचा आनंद हा कमी मोलाचा नाही. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या मुलामुलींच्या बाबतीत तर तो स्वातंत्र्याचा अनुभव असतो. परंतु येथे मागणी विद्वत्तेची नसून प्रामाणिकपणाची आहे. विद्यार्थ्याजवळ जे आधीच आहे, म्हणजे खोली, हिशेब, परवाना, अर्धवट आलेली भाषा, ते त्याने लपवू नये, इतकेच. उलट ते लपवल्यानेच त्याचा आनंद इतर हजारोंच्या आनंदासारखा दिसू लागतो. याला काही अंशी संपादक प्राध्यापकही जबाबदार आहेत. वार्षिकांकासाठी ‘माहितीपूर्ण’ लेख मागितला जातो, तेव्हा मनोऱ्याची उंची ठेवून जेवणाचे सात शिलिंग कापले जातात.

निष्कर्ष

१. परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे प्रवासलेखन हे पर्यटकाच्या लेखनाचे लहान रूप नाही. रहिवासी आणि पाहुणा ही दुहेरी भूमिका हे त्याचे स्वतंत्र वैशिष्ट्य आहे.

२. प्रवासाचा अल्प अवधी हा या लेखनाचा मूळ दोष नाही. गांधीजींचे सात दिवस एका छोट्या प्रकरणात मावतात आणि तरीही पुरेसे ठरतात. आठवड्याच्या दिवसांशी तुटलेला संबंध हा खरा दोष आहे.

३. व्हिसा, पैसा आणि भाषा या मर्यादा तक्रार म्हणून न येता आशय म्हणून आल्यास हे लेखन युरोपविषयी काही नवे सांगू शकते. युरोपीय विद्यार्थ्याला ते सांगता येणार नाही.

४. अशा लेखनाचे मूल्यमापन करताना पाहिलेल्या स्थळांची संख्या मोजण्याऐवजी, हा मजकूर त्या विशिष्ट गावी राहणाऱ्या विद्यार्थ्यानेच लिहिला आहे का, हे तपासावे. तसे नसल्यास तो लेख परत करून लेखकाला त्याच्या सोमवारविषयी विचारणे संपादकाला शक्य आहे.