मुलांचे वाचन आणि थोरांची घाई

मुलांस वाचनाची गोडी नाही, ही तक्रार हल्ली घरोघर ऐकू येते. तक्रार करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो ह्यात शंका नाही; परंतु ह्या अरुचीस आपण स्वतः कितपत कारण आहो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

चारकोपचेच उदाहरण घ्या. १९८५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मुंबई नगरविकास योजनेत म्हाडाने कांदिवलीच्या पश्चिमेस येथील भूखंड आखले. त्यांतील काही अवघे २५ चौरस मीटरांचे. बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबांनी त्यांवर हौसेने घरे उभारली. अशा घरात मुलास वाचावयास निराळी खोली कोठून मिळणार? तथापि जागेची अडचण आम्हांस खरी अडचण वाटत नाही. फळीवर चार पुस्तके असतात. पण ती मुलास आवडावीत म्हणून नव्हे, तर त्याने सुधारावे म्हणून आणलेली असतात. मुलाच्या हे ध्यानात येण्यास वेळ लागत नाही.

हा दोष आजचा नव्हे. विनायक कोंडदेव ओक ह्यांनी १८८१ साली मुलांसाठी मासिक काढले, त्याच्या ‘बालबोध’ ह्या नावातच बोध होता. त्यांच्या दीर्घोद्योगाविषयी आम्हांस आदरच आहे. वासुदेव गोविंद आपटे ह्यांनी १९०६ साली आपल्या मासिकास ‘आनंद’ हे नाव दिले, ह्यात आम्हांस दृष्टीचा पालट दिसतो. पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला; तो सायकलीवरून संकटांच्या मागे धावतो आणि वाचकाकडून सद्वर्तनाची हमी मागत नाही. लेखक पुढे गेले. पालकांचे मन मात्र पहिल्याच नावापाशी रेंगाळले आहे.

‘श्यामची आई’ ह्या पुस्तकाची आपण केलेली स्थिती पाहावी. नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले साने गुरुजींचे हे पुस्तक आज आज्ञाधारकपणाचे औषध म्हणून मुलांच्या हाती दिले जाते. वस्तुतः त्यातील श्याम पोहण्याच्या भीतीने लपून बसतो, आणि पुस्तकाच्या लोभाने चोरीही करतो! मुलास तो आपलासा वाटतो तो ह्याचमुळे. शिवाय ह्या पुस्तकास प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज एक आठवण सांगतो आणि मित्र भोवती बसून ऐकतात. पुस्तक कसे वाचावे हे त्याच्या रचनेनेच सांगितले आहे. आपण ते ऐकले नाही.

कोणी म्हणेल, श्यामच्या आईने त्यास मारून पोहावयास धाडले, मग वाचनासच सक्ती का नको? आमचे उत्तर असे की, सक्तीने पोहता येईल, अक्षरेही येतील. आवड येणार नाही. आणि विहिरीतही श्यामला सांभाळणारी माणसे होतीच. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या कित्येक मराठी मुलांस गोष्ट ऐकून कळते, पण देवनागरीत वाचताना ती अडखळतात. त्यांच्यापुढे पुस्तक टाकून आपण दूर होतो, हे त्यांस एकटे पाण्यात लोटण्यासारखेच आहे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. रात्रीच्या जेवणानंतर घरातील एकाने पाव घटका मोठ्याने वाचावे, आणि गोष्ट ऐन रंगात आली असता थांबावे. पुस्तक मुलाने निवडावे. ते थोरांस हलके वाटले तरी चालेल. खर्चाची सबब नको. पाठ्यपुस्तक मंडळाच्या, १९७१ साली निघालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आता विनामूल्य वाचावयास मिळतात. आणि वाचून झाल्यावर ‘ह्यातून काय शिकलास?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नये. लहानशा घरात एकाचा आवाज सर्वांस ऐकू जातो, ही आजवर गैरसोय मानली गेली. वाचनाच्या कामी तीच त्या घराची श्रीमंती ठरेल, असे आम्हांस वाटते.