किल्पेक येथील मध्ययुगीन चर्च : शिल्पे आणि त्यांचे अर्थनिर्णयन

इंग्लंडमधील हिअरफर्डशायर परगण्यात, वेल्सच्या सीमेनजीक किल्पेक हे लहानसे गाव आहे. तेथील सेंट मेरी व सेंट डेव्हिड यांचे चर्च इ.स. ११४० च्या सुमारास नॉर्मन शैलीत बांधले गेले. सभागृह, वेदीगृह आणि अर्धवर्तुळाकार पूर्वभाग अशी त्याची त्रिभागी रचना आहे. दक्षिण दरवाजावरील वेलबुट्टी, सर्प व योद्धे आणि छपराच्या कडेखाली टिकून राहिलेल्या ८५ दगडी तोड्या यांमुळे हे चर्च ख्यातनाम झाले. प्रस्तुत लेखात या शिल्पांच्या अर्थनिर्णयनाची पद्धती तपासली आहे.

सर्वाधिक वाद पूर्वभागावरील 'शीला-ना-गिग' या नग्न स्त्रीशिल्पाविषयी झाला. जी. आर. लुईस यांनी १८४२ साली किल्पेकची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांनी या आकृतीला मूर्ख पुरुष मानले व तिच्या अंगावरील उघडी फट हृदयाकडे जाणारी वाट ठरविली. पुढे काहींनी तिच्यात प्राचीन सुफलता-देवता पाहिली, तर अँथनी वीअर व जेम्स जर्मन यांनी १९८६ च्या ग्रंथात अशा शिल्पांचा संबंध वासनेच्या पापाविरुद्धच्या चर्चच्या उपदेशाशी जोडला. यांपैकी शेवटचे मत अधिक साधार वाटते. कारण ते एका शिल्पापुरते न थांबता युरोपातील तत्सम रोमनेस्क शिल्पांशी तुलना करते.

तथापि याही मताला मर्यादा आहे. त्याच तोड्यांच्या रांगेत कुत्रा व ससा, वादक, क्रूसधारी कोकरू अशा आकृतीही आहेत. त्या सर्वांना उपदेशाच्या एकाच सूत्रात गोवता येत नाही. म्हणून सुटे शिल्प नव्हे, तर संपूर्ण रांग हेच अभ्यासाचे एकक मानले पाहिजे.

हे शक्य होते ते शिल्पे मूळ जागी राहिल्यामुळेच. याच शिल्पपरंपरेतील शॉबडन येथील चर्च अठराव्या शतकात पाडण्यात आले व त्याच्या कमानी टेकडीवर शोभेसाठी उभारल्या गेल्या. उघड्यावर त्यांचे कोरीवकाम झिजले. आज त्याच्या तपशिलासाठी लुईस यांच्याच चित्रांकडे वळावे लागते. तात्पर्य, लुईस यांचे अर्थनिर्णयन त्याज्य ठरले तरी त्यांची नोंद मोलाची राहिली. अर्थ पुन्हा लावता येतो. हरवलेला संदर्भ मात्र पुन्हा उभा करता येत नाही. वास्तुवारशाच्या अभ्यासकाने प्रथम नोंदीची व जतनाची जबाबदारी स्वीकारावी, हाच किल्पेकच्या अभ्यासाचा निष्कर्ष होय.