व्रतकथेचा साचा आणि निदानानंतरची प्रतीक्षा

१

श्रावणातील कहाण्यांचा विचार दैवतशास्त्राच्या, लोकाचाराच्या किंवा भाषेच्या अंगाने करता येतो. प्रस्तुत लेखात तो केवळ कथनाच्या अंगाने, आणि तोही एका मर्यादित हेतूने करावयाचा आहे. ज्या कहाण्यांत अपत्याची उणीव हा विषय असतो, त्यांस बहुधा एक ठरलेला घाट असतो: आधी उणीव, मग कोणीतरी केलेला तिचा उच्चार, त्यानंतर उपाय किंवा वसा, आणि शेवटी फळ. हा घाट कहाण्यांपुरताच राहिला असता, तर त्याची चर्चा लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी करावी आणि इतरांनी ती वाचून बाजूस ठेवावी, एवढेच झाले असते. परंतु अपत्याची इच्छा धरून असलेल्या ज्या स्त्रीस पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे बोलीत ज्यास ‘पीसीओएस’ किंवा ‘पीसीओडी’ म्हणतात, त्या विकाराचे निदान ऐकावे लागते, तिच्याभोवती आज जे बोलले जाते त्यातही हाच घाट दिसून येतो. कथा बदलली, पात्रे बदलली, साचा मात्र तोच राहिला, असे म्हणावेसे वाटते. हा साचा त्या स्त्रीच्या अनुभवास कितपत न्याय देतो, हा येथील प्रश्न आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्त्रीरोगांचे जे वीस प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘वंध्या’ हा एक आहे. आणि जिचे आर्तव नष्ट झाले आहे ती वंध्या, असा त्याचा तेथील अर्थ आहे. म्हणजे शास्त्रकारास हा शब्द एका लक्षणाची खूण म्हणून अभिप्रेत होता. लोकभाषेत त्याचा ‘वांझ’ झाला आणि लक्षणाची जागा स्वभावाने घेतली. वांझ गाय, वांझ झाड आणि अलीकडे वांझोटी चर्चा, असा तो शब्द सर्वत्र फिरतो, आणि जेथे जातो तेथे निर्णय देऊन मोकळा होतो. पुढे काय, हा प्रश्न त्यानंतर उरत नाही.

‘निदान’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. वैद्यकात तो कारणाचा शोध दर्शवितो. आणि मराठीत त्याचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे ‘कमीत कमी’. ‘निदान एवढे तरी कळले’ असे आपण म्हणतो. रोगाचे नाव कळल्यानंतर पुष्कळ स्त्रियांस जो एक प्रकारचा सुटकेचा भाव जाणवतो, त्याचे मर्म या दुसऱ्या अर्थात आहे. वर्षानुवर्षे अनियमित असणारी पाळी, चेहऱ्यावरील लव, वाढते वजन, या सुट्या आणि लाजिरवाण्या वाटणाऱ्या गोष्टी एका नावाखाली येतात आणि त्या आपल्या दोषामुळे घडल्या नाहीत, हे प्रथमच कोणीतरी सांगते.

३

आता कहाण्यांकडे वळू. मंगळागौरीच्या कहाणीतील वाण्यास मूल नाही. दारी येणारा गोसावी निपुत्रिकांच्या घरची भिक्षा नाकारतो. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, उणिवेचा उच्चार घरात होत नाही, उंबरठ्यावर होतो. नवराबायकोंस ती आधीच ठाऊक असणार. पण तिला सामाजिक अस्तित्व लाभते ते परक्याने हात मागे घेतल्यावर. गोसाव्याचे शब्द स्त्रीस ऐकावे लागतात, कारण भिक्षा घालणारी तीच. मात्र पुढे घोड्यावर बसून रानात जाण्याचा, देवीस प्रसन्न करून घेण्याचा आणि आंबा आणण्याचा उद्योग नवऱ्याचा आहे, हेही विसरून चालणार नाही. कहाणीकर्तीने एवढी विभागणी तरी केली. आजच्या वैद्यकाच्या मार्गदर्शनातही स्त्रीस बीजोत्सर्गाचे औषध देण्यापूर्वी पुरुषाच्या वीर्याची तपासणी करावी असे सांगितलेले असते. घरोघरी मात्र ती पायरी पुष्कळदा सर्वांत शेवटी येते, किंवा येतच नाही.

जिवतीच्या कहाणीतील राणी याहून अधिक विचार करावयास लावते. तिला मूल नाही म्हणून ती सुईणीकरवी एका गरीब ब्राह्मणीचे नवजात मूल चोरून आणविते, आणि तोवर पोट मोठे दिसावे म्हणून लुगड्याच्या घड्या बांधून गर्भारपणाचे सोंग करते. ब्राह्मणीच्या पुढ्यात वरवंटा ठेवला जातो. कथेची सहानुभूती अर्थातच त्या मातेकडे आहे आणि ती योग्यही आहे. तथापि राणीस आपण केवळ खलपात्र मानले, तर त्या घड्यांचा अर्थ आपल्या हातून निसटतो. राणीला जे हवे ते मूल, की मूल असल्याचे दृश्य? ज्या घरात पोट दिसणे हीच स्त्रीच्या असण्याची साक्ष असते, तेथे या दोहोंत भेद करणे तिला तरी शक्य होते काय? कहाणी हा प्रश्न विचारीत नाही. पण तो विचारता यावा इतके साहित्य तिने आपल्या हाती ठेवले आहे.

४

या घाटात पीसीओएसचे निदान ठेवून पाहिले असता काय दिसते? १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या दोघा डॉक्टरांनी सात स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हापासून या विकारास आधुनिक वैद्यकात स्थान मिळाले. २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असल्या आणि अन्य कारणे वगळली गेली, म्हणजे हे निदान होते: बीजोत्सर्ग अनियमित असणे किंवा न होणे, अँड्रोजन या अंतःस्रावाचे आधिक्य, आणि सोनोग्राफीत दिसणारे अंडाशयाचे विशिष्ट रूप. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ स्त्रियांत या तिसऱ्या गोष्टीऐवजी रक्तातील एका अंतःस्रावाची तपासणीही चालते.

यातील नाव मुळातच फसवे आहे. ज्यांस ‘सिस्ट’ म्हटले गेले, ती खरे पाहता स्त्रीबीजाची वाढ मध्येच थांबलेली लहान पुटके होत. २०१२ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या तज्ज्ञमंडळाने हे नाव बदलावे अशी शिफारस केली, ती याच कारणास्तव. मराठीत तर आपण ‘अंडाशयात गाठी आहेत’ असे म्हणून गोंधळात भर घातली. ‘गाठ’ म्हटल्याबरोबर मराठी मनास अर्बुद आठवते. भाषांतराने येथे रोगाहून मोठे भय निर्माण केले आहे, आणि त्याचा दोष वैद्यकाइतकाच भाषेच्या अभ्यासकांकडेही जातो.

आणखी महत्त्वाचे हे की, या निदानाचा अर्थ ‘वंध्या’ असा होत नाही. बीजोत्सर्ग केव्हा होईल याची शाश्वती नसणे आणि तो कधीच न होणे, या दोन भिन्न अवस्था आहेत. अनेक स्त्रियांस उपचाराने, आणि काहींस उपचारावाचूनही, गर्भधारणा होते. म्हणजे हा विकार स्त्रीस निर्णयाच्या नव्हे, तर अनिश्चित कालावधीच्या स्वाधीन करतो. कहाणीच्या घाटात नेमकी या मधल्या काळासच जागा नाही. तेथे वसा घेणे आणि फळ मिळणे यांमधले अंतर एका वाक्यात सरते.

५

परिणामी आजच्या सल्ल्यास वशाचे रूप येते. साखर सोड, वजन उतरव, पहाटे उठून चाल, चिंता करू नकोस. मग सर्व आपोआप होईल. यातील आहार-व्यायामाचा भाग निराधार नाही; वैद्यकही तो सांगते. आक्षेप आहे तो ‘मग’ या शब्दावर. कहाणीत फळ मिळाले नाही, तर वशात कोठेतरी खंड पडला असला पाहिजे, कोणीतरी उतले-मातले असले पाहिजे. हेच तर्कशास्त्र निदान झालेल्या स्त्रीस लावले जाते आणि काही दिवसांनी ती ते स्वतःस लावू लागते. निदानाने जो दोष दूर केला होता, तो असा मागल्या दाराने परत येतो.

वास्तव काय आहे, ते एका आकड्याने स्पष्ट होईल. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या विकाराच्या ७५० स्त्रियांस पाच पाळीचक्रांपर्यंत औषध देण्यात आले. लेट्रोझोल या अधिक गुणकारी ठरलेल्या औषधानेही जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण शेकडा २७.५ होते, जुन्या क्लोमिफीनने ते १९.१ होते. या आकड्यांमुळे लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचे औषध ठरले, आणि ते योग्यच झाले. पण हाच आकडा उलट बाजूनेही वाचला पाहिजे. उत्तम औषध मिळूनही त्या मुदतीत शंभरांपैकी सुमारे बहात्तर स्त्रियांची ओटी भरली नाही. त्या साऱ्याजणींनी वसा टाकला होता, असे कोण म्हणेल?

येथे एक आक्षेप संभवतो. व्रताने स्त्रीस काहीतरी करावयास दिले, सोबतिणी दिल्या, दिवसांस आकार दिला. ते काढून घेऊन तिच्या हाती केवळ शेकडेवारी द्यावयाची काय? हा आक्षेप मान्य करावा लागेल. २०२३ च्या मार्गदर्शनात अशा प्रत्येक प्रौढ स्त्रीच्या बाबतीत खिन्नता आणि चिंता यांची चौकशी करावी असे सांगितले आहे. म्हणजे औषधापलीकडच्या आधाराची गरज वैद्यकासही पटली आहे. पण मग कहाणीतला कोणता भाग घ्यावयाचा, हे पारखून घ्यावे लागेल.

या दृष्टीने जिवतीच्या कहाणीतील दुसऱ्या स्त्रीकडे पाहावे. आपले मूल कोठे आहे, आहे की नाही, हे त्या ब्राह्मणीस ठाऊक नाही. तरीही ती तांदुळाचे धुण ओलांडीत नाही, कारल्याच्या मांडवाखालून जात नाही, आणि तांदूळ उडवून, असेल तेथे त्याचे कुशल चिंतिते. तिच्या या नेमास फळाचा भरवसा नाही. माहीत नसलेल्या गोष्टीवर माया करीत राहण्याचा तो एक मार्ग आहे, आणि तो चालत असताना तिला कोणी तिच्या दुःखाबद्दल जबाबदार धरीत नाही. कहाणीकर्तीने शेवटी तिला तिचे मूल दिले, हा घाटाचा विजय होय. त्याआधीची ती सारी वर्षे मात्र घाटाच्या बाहेरची आहेत, आणि आज निदान ऐकून घरी परतणाऱ्या स्त्रीच्या उपयोगी पडेल असे जे काही या वाङ्मयात आहे, ते त्या वर्षांत आहे. तिची प्रतीक्षा मुलाने संपेल, दत्तकाने संपेल, किंवा मुलावाचून जगण्याच्या विचारपूर्वक केलेल्या निश्चयाने संपेल. यांपैकी कोणत्याही शेवटास सुफळ म्हणता येईल अशी कथा मराठीत लिहिली जाणे आवश्यक आहे. आणि ती लिहिली जाईपर्यंत जुन्या कथांतील हे मधले अंतर नीट वाचणे, एवढे तरी अभ्यासकांस करता येण्यासारखे आहे.