‘इको निवास संहिता’ आणि भिवंडीतील पत्र्याचे घर : एक चिकित्सा

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिते’चा पहिला भाग जाहीर केला. भिंती, छप्पर व खिडक्या यांच्या योग्य रचनेने घरातील उष्णता आणि पर्यायाने विजेचा वापर कमी करणे, हे तिचे सूत्र होय. उष्ण-दमट हवामानात खिडक्या-दारांचे उघडता येणारे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे, ही तिची अट भिवंडीला उपकारकच आहे. तथापि ही संहिता किमान ५०० चौरस मीटरच्या भूखंडावरील इमारतींपुरतीच मर्यादित आहे. हा निकष अंमलबजावणीच्या सोयीचा असेल. उष्णतेशी त्याचा संबंध नाही. परिणामी यंत्रमाग कामगाराची पत्र्याची खोली तिच्या कक्षेबाहेर राहते. रात्रपाळी संपवून तो निजतो तेव्हाच पत्रा तापू लागतो आणि पंखा बंद ठेवणे शक्य होत नाही.