उत्तर आधी, प्रश्न नंतर

शालेय विज्ञान प्रकल्पांत ‘सर्वेक्षण’ आता चांगलेच रुळले आहे. उपकरणे लागत नाहीत, खर्चही बेताचा. असे बरेच अहवाल आम्ही तपासले आहेत. मुलांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. आमचा आक्षेप पद्धतीवर आहे.

एक नेहमीचा प्रश्न पाहा : ‘पर्यावरणाची भीषण हानी करणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आपण टाळता ना?’ शेजारच्या मुलासमोर ‘नाही’ कोण म्हणेल? त्याऐवजी ‘गेल्या 7 दिवसांत दुकानातून किती वेळा प्लॅस्टिकची पिशवी घेतली?’ असे विचारावे. प्रश्नावली आधी पाच-सहा जणांना देऊन पाहिली, तर संदिग्ध शब्दही लक्षात येतात.

दुसरा दोष निवडीचा. नातेवाईक आणि मित्र म्हणजे गाव नव्हे. संख्या वाढवूनही हा दोष जात नाही. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने 1936 मध्ये सुमारे 1 कोटी मतपत्रिका धाडल्या. जवळपास 24 लाख परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट सुमारे 61 टक्के मते मिळवून निवडून आले. पत्ते मुख्यतः टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांचे होते; शिवाय तीन-चतुर्थांश लोकांनी उत्तरच दिले नव्हते. म्हणून घरांची पूर्ण यादी करून चिठ्ठ्या टाकाव्यात. कुलूप दिसले तर शेजारचे घर न घेता पुन्हा जावे. तरीही उत्तर न मिळालेल्या घरांची संख्या अहवालात द्यावी.

तिसरा दोष टक्केवारीचा. 40 पैकी 24 जण ‘होय’ म्हणाले, की ‘गावातील 60 टक्के लोक’ असा निष्कर्ष तक्त्यावर झळकतो. चिठ्ठ्या टाकून निवड केली असली, तरी एवढ्या लहान नमुन्यात सुमारे 15 टक्क्यांचा फरक दोन्ही बाजूंनी संभवतो. म्हणजे खरा आकडा 45 ते 75 यांमध्ये कोठेही असू शकेल. बहुमत आहे, एवढेही खात्रीने म्हणता येत नाही. ही अनिश्चितता निम्मी करायची तर नमुना चौपट हवा.

या तिन्ही दोषांचे मूळ एकच : उत्तर आधीच ठरलेले असते. मग मोठ्यांचे मत टक्क्यांत मांडणे म्हणजेच संशोधन, अशी मुलांची समजूत होते. अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा जो विद्यार्थी न लपवता तक्त्यावर मांडेल, त्याला शिक्षकांनी अधिक गुण द्यावेत.