भूपृष्ठाचा कोश आणि ‘वाफसा’

हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांत जमिनीला प्रथम फारच थोडे स्थान मिळाले. मानाबे यांनी १९६९ साली तिला १५ सेंटिमीटर पाणी मावणारी बादली मानले. बादली भरली की उरलेले पाणी वाहून जावयाचे. पुढे बादलीच्या जागी थर आले. ‘नोआ’ ह्या बहुप्रचलित प्रतिमानात दोन मीटर खोलीपर्यंत चार थर असून प्रत्येक चौकटीस सामान्यतः मातीचे एक व वनस्पतीचे एक असे वर्गनाम दिले जाते. ही वर्गनामांची यादी म्हणजे एक कोशच होय. आणि कोश म्हणून तिची परीक्षा करणे भाषाभ्यासकाच्या अधिकाराबाहेरचे नाही.

यादी लहान आहे, हा प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नव्हे. आक्षेप आहे तो भेद कोठे केला ह्यावर. ‘चिकणमाती’ हे नाव कणांच्या आकारावरून ठरते व तिचे गुणांक वर्षभर स्थिर राहतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील काळी जमीन अशी स्थिर नाही. वैशाखात ती भेगाळते, पहिले पाणी भेगांतून थेट खोल उतरते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वर साचू लागते. ‘पीकक्षेत्र’ ह्या नावाची गत याहून वाईट. राहुरी-श्रीरामपूरचा कालव्यावरील ऊस मे महिन्यातही बाष्प सोडीत असतो. जामखेडकडील रब्बी ज्वारीचे रान मात्र पावसाळाभर उघडे असते आणि पुढे साठलेल्या ओलीवर पीक थंडी काढते. काही याद्या बागायत व जिरायत वेगळी धरतात, हे खरे. उपग्रहांवरून काढलेले हिरवाईचे मासिक आकडेही उणीव काहीशी भरून काढतात. पण ते अनेक वर्षांच्या सरासरीचे असले, तर २०१८ सारख्या अवर्षणाच्या साली नसलेले पीक प्रतिमानात डोलत राहते!

मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर चौकटीची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यान्वित झाली. तिच्या हिशेबाने ह्या जिल्ह्यास सुमारे ४७० चौकटी येतात. हे स्वागतार्हच आहे. परंतु जाळे बारीक केल्याने वर्गनामे आपोआप वाढत नाहीत.

इकडे शेतकऱ्याजवळ ‘वाफसा’ हा शब्द आहे. पावसानंतर जादा पाणी निचरून, ओल व हवा दोन्ही जमिनीत असून औत चालू शकते, ती ही अवस्था. मुरमाड रानात ती लवकर येते, काळ्या रानात उशिरा. म्हणजे मातीचा प्रकार, निचरा आणि काळ हे तिन्ही एका शब्दात आले. हा शब्द जसाच्या तसा समीकरणात घालता येणार नाही, कारण तो कामाशीही बांधलेला आहे. परंतु कोणत्या रानात, किती पावसानंतर, कितव्या दिवशी वाफसा आला ह्याची गावोगाव नोंद ठेवल्यास प्रतिमानातील वरच्या थराची ओल तिच्याशी ताडून पाहता येईल. अशी नोंद ज्वारीच्या पट्ट्यापासून सुरू करावी.