टिळकांचे अभंग

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये आमच्या आणि शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या घराला भिंत एकच. गेल्या दिवाळीत आई फराळाचे ताट घेऊन तिकडे गेली, ती तासभर परतली नाही. जाऊन पाहतो तो आत टाळ वाजत होते आणि माझी माळकरी आई दाराशी बसून मान डोलावीत होती. "कुठल्या संताचा रे हा अभंग?" तिने विचारले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा, असे सांगताच ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "असू दे. चाल आपलीच आहे."

नुसती चालच का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. टिळकांना आपल्या टीकाकारांनी 'फुलामुलांचे कवी' म्हणून पाठ्यपुस्तकात बसविले, आणि त्यांची भक्तिगीते चर्चच्या 'उपासना संगीता'त राहू दिली. हा वाटा मला न्याय्य वाटत नाही.

१८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा मराठी उपासनेत विलायती चालींवर बेतलेली पदे पुष्कळ होती. परक्या चालीत ऱ्हस्व अक्षर ताणावे लागते, दीर्घ आखडावे लागते. अर्थ कळतो, पण जीभ अडखळते. टिळकांनी सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग उचलला आणि शब्दाला त्याची चाल परत दिली. आपल्याला ख्रिस्ताकडे तुकोबांनी नेले, असे ते मानीत. म्हणूनच त्यांचा ख्रिस्त गुरू होतो आणि माउलीही होतो. माउली म्हटले की लेकराने रुसावे, हट्ट करावा, हे ओघानेच येते. ही सलगी उसनी आणता येत नाही.

सगळेच अभंग या तोलाचे नाहीत. टिळकांचा हात फार सैल. पुष्कळ ठिकाणी कवीला बाजूस सारून उपदेशक बोलू लागतो, आणि मग संतांची शब्दकळा पाहुण्याच्या अंगरख्यासारखी दिसते.

त्यांच्या धर्मांतराने घर मोडले होते. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पुढे स्वतःच्या मनाने त्याच वाटेवर आल्या. १९१९ साली टिळक वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' थोडेसेच लिहून झाले होते. उरलेले बहुतेक सारे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शाळा न पाहिलेल्या बाईला ते साधले, कारण तिला ओवी शिकावी लागली नव्हती. (टिळकांहून लक्ष्मीबाई मला मोठ्या वाटतात, पण तो विषय वेगळा.)

आईने पुढच्या रविवारी तो अभंग शेजारणीकडून आपल्या वहीत उतरवून घेतला. नामदेव आणि जनाबाई यांच्यामध्ये तो आहे. वर कवीचे नाव नव्हते, म्हणून मी पेन उघडले. तिने वही मिटून उशाखाली ठेवली.